कोऱ्या आभाळाचा पूर

अमेरिकेत लढाई लागली होती त्या वर्षांत आमची गारद अमरावतीच्या कॅम्पात होती. मी तेव्हा नाईक. आमच्यावर हवालदार मारोती, खाली बारा सिपाही. ड्यूटी अशी की एक लेफ्टनंट साहेब वऱ्हाडातली शेतं मोजत फिरत होता, त्याच्या सामानाची, साखळीची आणि दुर्बिणीची राखण करायची. लढाई कुठे नव्हती. दिवसभर काळ्या मातीत चालायचं आणि संध्याकाळी बुटांना चिकटलेलं अर्धं शेत खरवडून काढायचं, एवढीच मर्दुमकी.

त्या दिवसांत वऱ्हाडाची अक्कल ठिकाणावर नव्हती. विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून आमच्या कापसाला असा भाव आला की अमरावतीच्या बाजारात बैलांची शिंगं चांदीने मढवलेली दिसू लागली. गाडीवानाची मजुरी सिपायाच्या पगाराला वाकुल्या दाखवायची. पलटणीतले धडधाकट गडी नाव काटून घेऊन वावरात परत चालले होते. मला शेत नव्हतं, म्हणून मी राहिलो. देशभक्ती वगैरे कुणी समजू नये.

आमच्या गारदेतला सिपाही तुळशीराम भातकुलीजवळच्या खेड्यातला. उंच, हाडकुळा, बोलण्यात फटकळ. घरी बायको सगुणा आणि थोरला भाऊ पुंजाजी. जमीन दोघांची, कसायचा पुंजाजी एकटा. कॅम्पात कापसाची गाडी घेऊन आला की तो तुळशीरामाला सगळ्यांसमोर झाडायचा.

"अबे, बंदूक घेऊन कावून फिरून राहिला तू? वेचणीले माणूस भेटत नाई, अन् तू साहेबाची साखळी ओढून राहिला!"

शेवटी तुळशीरामाने डिस्चार्जसाठी अर्ज केला. नेमकी त्याच आठवड्यात ऑर्डर आली. आमच्या साहेबाला काश्मीरच्या वर, लडाखच्या अंगाला पहाड मोजायला पाठवलं होतं, आणि त्याने आपली ओळखीची गारद सोबत मागून घेतली होती. हवालदार मारोतीने तुळशीरामाला बोलावलं.

"एवढी एक ड्यूटी कर. वापस आला की नाव काटतो तुयं."

"पक्कं काय, हवालदारसाहेब?"

"पक्कं."

निघायच्या आधी मी त्याच्यासोबत त्याच्या घरी जेवायला गेलो. सगुणा वहिनीने भाकरी वाढता वाढता मला सांगितलं, "भाऊजी, तुमी नाई आले तरी चालंल. याले तेवढं धाडून देजा." सगळे हसले. मीही हसलो, आणि धाडतो म्हणालो.

प्रवासाचं वर्णन करत नाही. थोडी आगगाडी, थोडी बैलगाडी, उरलेले सगळे पाय. काश्मीरपर्यंत झाडं होती, त्यापुढे तीही संपली. वर गेल्यावर श्वास पुरेना. आमच्यातला एक सिपाही रोज सकाळी हजेरीला उभा राहून विचारायचा की इथल्या देवाने माती का नाही आणली. खरंच माती नव्हती. दगड, वाळू, बर्फ आणि मधून एक नदी, एवढाच मुलूख. साहेब दुर्बिणीतून शिखरं बघायचा आणि आकडे बोलायचा. आम्ही सामान वाहणाऱ्या हमालांवर नजर ठेवायची, तंबू ठोकायचे, पहारा द्यायचा. हात सुजायचे, ओठ फुटायचे. पण नियम सुटला नाही. हजेरी, बंदूक साफ, परेड, ड्यूटी.

त्रास झाला तो पाण्याचा. त्या नदीत बर्फाखाली दळलेल्या दगडाचं पीठ येतं. पाणी राखेसारखं करडं, भांड्यात ठेवलं तरी निवळायचं नाही. चार दिवस ते प्यालो आणि सगळी गारद लोटे घेऊन दगडाआड धावू लागली. साहेबही त्यात आला. पोटाच्या बाबतीत साहेब आणि सिपाही यांत काही फरक नसतो.

तेव्हा तुळशीरामाने झिरा खोदला. वऱ्हाडातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात नदी आटली की आमच्याकडे पात्राच्या वाळूत हातभर खड्डा घेतात, वाळूतून गाळून पाणी झिरपत येतं, पहिलं गढूळ उपसून टाकायचं आणि मागून येतं ते प्यायचं. तुळशीरामाने काठाच्या वाळूत तसंच केलं. पाणी आलं ते आरशासारखं. साहेबाने एक पेला पिऊन बघितला, मग दुसरा मागितला. दोन दिवसांत पोटं ताळ्यावर आली. त्यानंतर जिथे कॅम्प पडेल तिथे पहिलं काम झिरा.

त्याची एक रीत होती आणि ती तुळशीराम कधी मोडत नसे. पाणी भरून झालं की झिऱ्यावर चपटा दगड ठेवायचा आणि फटींत बारीक दगड बसवायचे. झिरा उघडा टाकून निघायचं नाही. उघडा टाकला तर जनावर तोंड घालतं, वारा घाण आणतो, मागून येणाऱ्याचं पाणी नासतं. मी एकदा म्हणालो, "अरे, इथे मागून कोण येणार आहे? भूत?"

"भुताले तहान नाई लागत काय?" तो म्हणाला, आणि दगड बसवत राहिला.

पुढे आम्ही एका खेड्यापाशी पोचलो. वीस-पंचवीस घरं, नदीकाठी जवाची हिरवी शेतं, बाकी सगळं उजाड. मुखियाचं नाव दोर्जे. लोकरीच्या व्यापारामुळे त्याला थोडी हिंदुस्थानी यायची. आमचा कॅम्प शेतांच्या खाली, नदीच्या वाळूला लागून पडला. तिथे तिसऱ्या सकाळी उठून बघतो तर नदी अर्धी झाली होती. दुपारपर्यंत घोट्याएवढी. आमचे गडी खूश झाले. पूर्णा नदी अशी उतरली की आम्ही म्हणतो, सुटलो बाबा, आता गाड्या पलीकडे घाला. दोघेतिघे धोतरं धुवायला पात्रात उतरले.

गावातली माणसं मात्र शेळ्या आणि मुलं घेऊन वर चढायला लागली. दोर्जे साहेबाकडे आला आणि म्हणाला, "पानी कम हुआ. ऊपर बंद हुआ." साहेबाने लगेच घोडं मागवलं. मला आणि दोन सिपायांना सोबत घेऊन तो नदीच्या उगमाकडे निघाला. दुसऱ्या दिवशी आम्ही ते बघितलं.

बाजूच्या दरीतून बर्फाचा एक भला मोठा ओघ सरकत खाली येतो. बर्फाची नदीच ती, रोज थोडी थोडी पुढे येणारी. त्या वर्षी ती इतकी पुढे आली होती की तिने खालची पाण्याची नदीच अडवली होती. शेताला बांध घालावा तसा दरीला बर्फाचा बांध पडला होता, आणि त्याच्या मागे पाणी तुंबून तलाव झाला होता. निळा, शांत, नजर पोचेल तिथवर. त्यात मोठाले बर्फाचे तुकडे तरंगत होते. वारा नव्हता. मला तो तलाव बघून बरं वाटलं नाही. का ते सांगता येत नाही, पण मला तिथून लवकर निघायचं होतं.

साहेबाचं मराठी आमच्या पाटलांकडून शिकलेलं होतं. तो म्हणाला, "नाईक, हे पानी बर्फाले खालून खाऊन राहिलं. एक दिवस भोक पडंल. मंग सगळं एकदम."

"केव्हा, साब?"

"ऊन जास्ती, तर लवकर."

हे शब्द मी ऐकले. माझ्यासोबतच्या दोघांनी ऐकले. कॅम्पात परत आल्यावर साहेबाने हुकूम दिले, ते असे. कॅम्प उचलून वरच्या टेकाडावर न्यायचा. नदीत कोणी उतरायचं नाही. पाण्याला फक्त दोन माणसं जातील, भरतील आणि परत येतील. वरच्या वळणावर पिकेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी, बसेल. पिकेटने तीन बार काढले की जो जिथे असेल तिथून सरळ वर चढायचं. साहेब स्वतः चार सिपायांना घेऊन वरच्या एका कड्यावर बसला. तलाव फुटलेला बघायचा होता त्याला. तलाव रोज किती चढतो तेही तो तिथून मोजत होता.

आता पाणी न्यायचं तर खालूनच. टेकाडावर झरा नव्हता. बर्फ वितळवायला जळण नव्हतं. दोन आजारी सिपाही तंबूत पडून होते आणि करडं पाणी दिलं की त्यांना पुन्हा रक्त पडायचं. म्हणून झिऱ्यावाचून गत नव्हती.

हवालदार मारोती जबाबदार माणूस होता. साहेबाच्या हुकमावर त्याने स्वतःचा एक नियम चढवला. आभाळ भरून आलं असेल त्या दिवशी पाण्याला कोणी जाणार नाही. आभाळ कोरं असेल तरच जायचं. मी त्याला साहेबाचं बोलणं सांगितलं, की ऊन वाईट. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "होय ना. पण मेळघाटात आभाळ फाटल्याबिगर खाली पूर आलेला पाह्यला काय कोनी? उन्हात कुठून येईन पानी?"

तो चुकला असं आज म्हणणं सोपं आहे. त्याच्या बापाने आणि आजाने पूर असाच ओळखला होता, आणि आमच्या सगळ्यांच्याच बापांनी. सातपुड्यावर काळं दिसलं की नदीतून गुरं काढायची, ऊन पडलं की पुन्हा सोडायची. शब्द कानात शिरतात, पण हाडांत जे बसलेलं असतं ते उठत नाही. मलाही त्याचा नियम पटला होता. उरलेल्या सगळ्यांना पटला.

मग चार दिवस ढग राहिले. थंडी वाढली, हलका बर्फ भुरभुरला. नियमाप्रमाणे पाण्याला कोणी गेलं नाही. घागरी रिकाम्या झाल्या. आज कळतं की त्या चार थंड दिवसांत नदीत चूल मांडून स्वयंपाक केला असता तरी काही झालं नसतं.

पाचव्या दिवशी आभाळ असं कोरं झालं की डोळे दुखले. ऊन कडक. दुपारपर्यंत आम्ही डगले काढून ठेवले. पिकेटवर मी होतो, सोबत दोन सिपाही, बंदुका भरलेल्या. तिथून वरची दरी दिसायची आणि खाली कॅम्पापुढचं पात्रही दिसायचं. हवालदाराने आभाळ बघितलं आणि तुळशीरामाला पाण्याला पाठवलं. त्याच्यासोबत एक हमाल. दोघे दोन घागरी घेऊन खाली उतरताना मी बघितले. तुळशीराम काहीतरी बोलत होता आणि हमाल, भाषा न कळताही, हसत होता.

आधी वारा आला. बिनवाऱ्याच्या दिवशी वरून एकदम गार वारा, आणि त्यात धूळ. मग पायाखालची जमीन थरथरली. मग आवाज. तोफखाना मी ऐकला आहे, तो थांबून थांबून होतो. हा थांबत नव्हता. वरच्या दरीच्या तोंडात मला धुळीची भिंत दिसली, आणि तिच्या खाली काळं काहीतरी हलत होतं. त्यात पाणी मला दिसलंच नाही. दगड होते, चिखल होता, घराएवढे बर्फाचे तुकडे होते.

"फायर!" मी ओरडलो. तिघांनी एकामागे एक तीन बार काढले. खालून बिगुल वाजला. सिग्नल पोचला होता.

हमालाने घागर जागीच टाकली आणि तो काठाकडे पळाला. तुळशीरामाने मान वर केली. मी इथे शपथेवर सांगतो, त्याने नदीकडे बघितलं नाही, दरीकडे बघितलं नाही. त्याने आभाळाकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. मग तो खाली वाकला.

मला वाटलं पडला. पडला नव्हता. तो झिऱ्यावर दगड ठेवत होता.

काठावरून हवालदार मारोती ओरडत होता. त्याचं ओरडणं मला ऐकू आलं नाही, नंतर बिगुलवाल्याने सांगितलं.

"तुळश्या! वर ये! सोड थे!"

"आलो, आलो! झाकून येतो!"

हेच त्याचे शेवटचे शब्द. दगड बसवून तो निघाला आणि चांगला पळाला. लांब पायांचा होता, अर्धा काठ चढलासुद्धा. हवालदाराने डोक्याचं पागोटं सोडून खाली टाकलं होतं. त्याचं टोक तुळशीरामाच्या हातात आलेलं मी बघितलं. मग धूळ आली, आणि धूळ गेली तेव्हा काठाचा तेवढा भागच तिथे नव्हता. हवालदार वर पालथा पडलेला होता, हातात फाटकं पागोटं धरून.

पूर संध्याकाळपर्यंत चालला. वरची सगळी माणसं वाचली, हमालही वाचला. गावात एक जीव गेला नाही, पण जवाची शेतं वाळूखाली गेली आणि त्यांवर बर्फाचे ढीग येऊन बसले. आम्ही तीन दिवस खालपर्यंत शोध घेतला. दोर्जे आणि गावातले पुरुष, स्वतःचं पीक बुडालेलं असताना, आमच्याबरोबर चिखलात काठ्या खुपसत फिरले. मिळालं काहीच नाही. साहेब कड्यावरून खाली आला, टोपी काढून उभा राहिला आणि मग तंबूत जाऊन त्याने रिपोर्ट लिहिला. एक सिपाही, बुडून मृत्यू. मला त्या दिवशी साहेबाचा, पहाडाचा आणि स्वतःच्या डोळ्यांचाही राग आला होता.

परतीच्या वाटेवर हवालदार मारोती मुक्कामावर बसला की मध्येच म्हणायचा, "आभाळ कोरं होतं गा, नाईक." मी म्हणायचो, "होय, हवालदारसाहेब, होतं." त्याचं समाधान व्हायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अमरावतीला पोचल्यावर तो पहिल्या पावसाळ्यातच गेला.

भातकुलीला मीच गेलो. दुसरं कोण जाणार? पुंजाजी वावरातून आला, सगुणा वहिनी ओसरीवर खांबाला धरून उभी राहिली, अर्धं गाव जमलं. मी उभा राहून रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं, कारण मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नव्हतं. ऐकून झाल्यावर कोणी रडलं नाही. पुंजाजीने विचारलं, "पाऊस होता काय?"

"नव्हता."

"आभाळ?"

"कोरं होतं."

"अन् पूर आला? कडक उन्हात?"

"बर्फाचा बांध फुटला. तलाव होता वर."

पुंजाजीने गावाकडे बघितलं. कोणीतरी मागे हसलं. "बर्फाचा बांध म्हणे!" तेव्हा रेल्वेच्या कामावर, गिरण्यांत, मुंबईला, कुठे कुठे माणसं पळून जात होती. भावाभावांत जमीन, वर कापसाचे दिवस. गावाने मनातल्या मनात हिशेब जुळवला की तुळशीराम तिकडेच कुठेतरी राहिला, बाई केली असेल, आणि हा दोस्त त्याच्यासाठी खोटं बोलून राहिला. पलटणीचा कागद आला, तोही कोणी मानला नाही. खोटं बोलायचं तर निदान हिवतापाने मेला म्हणालो असतो. खरं सांगायला गेलो आणि तोंडघशी पडलो.

सगुणा वहिनीने कुंकू पुसलं नाही. बांगड्या फोडल्या नाहीत. मला ते बघवत नव्हतं. वर्षातून एकदा मी जायचो आणि पुन्हा तेच सांगायचो, कधी जमिनीवर काडीने दरी काढून, कधी चिखलाचा बांध घालून, त्यात पाणी सोडून आणि बांध फोडून. गावातली माणसं तमाशा बघावा तशी बघत. वहिनी ऐकून घ्यायची. जेवायला वाढायची.

कापसाची तेजी बसली. अमेरिकेतली लढाई संपली आणि चांदीची शिंगं मोडीत गेली. मी हवालदार झालो, पुढे जमादार. एका वर्षी मी निघत असताना वहिनी वेशीपर्यंत मागे आली. कोणी नव्हतं आसपास.

"भाऊजी, तुमी खोटं बोलत नाई. मले पहिल्या दिवशीच समजलं."

मी थांबलो.

"झाकून येतो म्हणाला ना थो? हे तुमाले बनवता नसतं आलं. थो तसाच होता." मग तिने पदर सारखा केला. "पन आता सांगू नका. तुमी सांगता तवा थो पुन्हा मरते. लोक म्हणतात जित्ता हाये, तं असू द्या. मले पांढऱ्या कपाळानं या गावात जगता येत नाई. माया शब्द राखजा."

मी राखला. त्यानंतर भातकुलीला काय, अकोल्याच्या माझ्या घरी, ओट्यावरही कधी तो विषय काढला नाही. कुणी विचारलं, तुमचा तो दोस्त, तर मी म्हणायचो, पत्ता नाही.

या चैत्रात सगुणा वहिनी गेली. मी पोचलो तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, कपाळभर मळवट भरला होता, ओटी भरली होती. गावातल्या बाया पायावर डोकं ठेवत होत्या, नशीबवान, सवाष्ण गेली म्हणत होत्या. पुंजाजी म्हातारा झाला आहे, त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "जमादारसाहेब, त्याले खबर द्याले पायजे होती. तुमाले ठाव नाई काय, कुठं हाये थो?"

मी म्हणालो, "नाही."

जाळ पुरता लागेपर्यंत मी सावधान उभा होतो. मग घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

सिपाही तुळशीराम, गाव भातकुलीजवळ, जात्याच हसरा, लडाखच्या अंगाला उन्हातल्या पुरात गेला. पळून गेला नाही, दुसरी बाई केली नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. हे लिहिल्याने आता कुणाच्या कपाळाचं कुंकू पुसलं जाणार नाही.